पेढीवरील संगणकाचे नाव आणि त्याचा ठावठिकाणा

प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचून पुष्कळ सभासद बंधूंना नवल वाटेल. धान्याच्या बाजारभावावर, तोलाईच्या दरावर किंवा मंडीच्या नियमांवर आम्ही काही लिहावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत पांढुर्णा व सौंसर येथील व्यापारी कुटुंबांच्या घरांत एक निराळीच अडचण वारंवार उद्भवू लागली आहे. तिच्यापायी भरलेली गाडी दारात उभी राहते, नोकरमाणसांवर नाहक ठपका येतो आणि प्रसंगी वर्षानुवर्षांचा हिशेब धोक्यात येतो. ही अडचण एका वाक्यात सांगावयाची तर अशी : पेढीवरील संगणक चालू असतो, वरच्या मजल्यावरील संगणकही चालू असतो, पण एकाला दुसरा सापडत नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटतात, त्यांचा मथितार्थ इतकाच की, आपण सांगितलेल्या नावाचे कोणीही येथे आढळत नाही.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि हा प्रश्न मुळात यंत्राचा नसून नाव आणि पत्ता यांचा आहे, आणि नाव व पत्ता यांचा व्यवहार व्यापाऱ्याइतका कोणी जाणत नाही, हे ध्यानी आल्यावर आम्हांस त्यात रस वाटू लागला.

आपल्या वाडवडिलांच्या पत्रांचे छापील मथळे ज्यांनी जपून ठेवले असतील, त्यांनी ते काढून पाहावेत. पेढीच्या नावाखाली ‘तार’ असे लिहून पुढे एकच शब्द छापलेला आढळेल. तो तारेचा पत्ता होय. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, म्हणून पूर्ण नाव, गल्ली, चौक हे सारे लिहिण्याऐवजी तारघरात वार्षिक शुल्क भरून एक आटोपशीर शब्द नोंदवून ठेवीत. बाहेरगावच्या अडत्याने तो शब्द व गावाचे नाव एवढेच लिहिले की पुरे. तारघरातील नोंदवहीत त्या शब्दापुढे पेढीचा खरा ठिकाणा लिहिलेला असे आणि शिपाई बरोबर दारात येऊन उभा राही. एका तारघराच्या हद्दीत एक शब्द एकालाच मिळे. पेढी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली, तर शब्द तोच राही, फक्त वहीतील ठिकाणा बदलावा लागे. तो बदलण्याचे राहून गेले, तर तार जुन्या दारावर जाऊन परत येई. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु घरातील संगणकांचा आजचा सारा व्यवहार याच पद्धतीने चालतो.

संगणकाला खरा पत्ता असतो तो आकड्यांचा. आपल्या घरातील वायफायचा जो डबा, ज्याला राउटर म्हणतात, तो घरातील प्रत्येक यंत्राला एकेक आकडा वाटून देतो. बहुधा हा आकडा १९२.१६८ पासून सुरू होतो, पुढे आणखी दोन आकडे असतात. हे विशिष्ट आकडे घरगुती उपयोगासाठी १९९६ सालच्या नियमान्वये राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे पांढुर्ण्याच्या घरातही तोच आकडा आणि मुंबईच्या घरातही तोच आकडा असला, तरी घोटाळा होत नाही. प्रत्येक गावात गल्ली नंबर एक असते, तसाच हा प्रकार. शिवाय हा आकडा कायमच्या मालकीचा नसतो. तो मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. मुदत संपली, यंत्र बरेच दिवस बंद राहिले किंवा डबाच बदलला, की नवा आकडा पदरी पडतो.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. आकड्यांनी पत्ता लिहिण्याची सवय आपल्या देशाला लावली ती पिन कोडने. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी असून संस्कृतचे मोठे पंडित व कवी होते. एकाच नावाची अनेक गावे असल्यामुळे टपालाचे हाल होत, त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय योजिला. पांढुर्ण्याचा ४८०३३४ हा आकडा आपण नित्य लिहितो. पण तो लिहिताना एका मराठी संस्कृतज्ञाची आठवण किती जणांना होते?

मनुष्याला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. संगणकाला उलट नावाचा काही उपयोग नाही, त्याला आकडा हवा. म्हणून मध्ये कोणी तरी नावावरून आकडा काढून देणारा लागतो. हे काम घरातल्या घरात तीन प्रकारे होते. ते तीन प्रकार समजले की निम्मा रोग समजला.

पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक संगणकाची स्वतःची टाचणवही. तिला होस्ट्स फाइल म्हणतात. तिचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत संगणकांचे पहिले मोठे जाळे उभे राहिले, तेव्हा त्या जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व आकडे एकाच यादीत लिहिलेले असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नामक विदुषींच्या देखरेखीखाली ठेवली जाई. नवे नाव घालावयाचे तर तेथे कळवावे लागे, मग ती यादी सर्वांनी उतरवून घ्यावयाची. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची एक श्रेणीबद्ध पद्धती रचिली. तिलाच डीएनएस म्हणतात. ज्याने त्याने आपापल्या शाखेची वही ठेवावी व विचारील त्याला उत्तर द्यावे, असे तिचे सूत्र. १९८७ साली तिचे नियम पक्के झाले आणि आजही तेच चालू आहेत. २०१४ पासून ‘भारत’ ही अक्षरे देवनागरीत लिहून त्यांत मराठी नावे नोंदविण्याची सोयही झाली आहे. मात्र ती जुनी टाचणवही नाहीशी झाली नाही. ती आपल्या प्रत्येक संगणकाच्या पोटात अद्याप आहे आणि तिच्यातील शब्दाला संगणक सर्वांआधी प्रमाण मानतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा प्रकार डीएनएसचा. बाहेरील जगातील नावे यातूनच सापडतात. घरातील नावांच्या बाबतीत मात्र डबा शहाणा असेल, तर ज्या यंत्राला त्याने आकडा दिला त्याचे नावही तो लिहून ठेवतो व विचारल्यास सांगतो. सगळे डबे असे शहाणे नसतात.

तिसरा प्रकार निव्वळ हाक मारण्याचा. वखारीच्या अंगणात उभे राहून एखाद्या हमालाच्या नावाने हाक द्यावी, म्हणजे ज्याचे ते नाव असेल तो ओ देतो. संगणकही अगदी तसेच करतात. ‘पेढी नावाचे कोण आहे?’ असा पुकारा घरातील सर्व यंत्रांना ऐकू जातो आणि त्या नावाचा संगणक आपला आकडा सांगतो. विंडोजमध्ये या पुकाऱ्याच्या दोन-तीन भाषा आहेत. सर्वांत जुनी नेटबायॉस नावाची, तिला १५ अक्षरांपलीकडचे नाव चालत नाही. ॲपलच्या यंत्रांत व हल्लीच्या पुष्कळ छपाईयंत्रांत नावापुढे ‘लोकल’ हा शब्द जोडून हाक मारण्याची रीत आहे. तिचे नियम २०१३ साली प्रसिद्ध झाले.

हाकेचा एक गुण असा की तिला वही लागत नाही. दोष असे की ती अंगणाबाहेर पोहोचत नाही आणि ओ देणारा खरा की खोटा हे कळत नाही. या दुसऱ्या दोषावरून एक जुनी गोष्ट आठवते. अमेरिकेतील कॅन्सस शहरी अल्मन स्ट्राउजर नामक गृहस्थ प्रेतसंस्काराचे सामान पुरविण्याचा धंदा करीत. त्या काळी टेलिफोन उचलून नाव सांगावयाचे आणि एक्सचेंजमधील बाई तार जोडून देई. सांगतात की, स्ट्राउजर यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नीच त्या जागेवर बसत असे आणि गिऱ्हाइकाने यांचे नाव घेतले तरी ती आपल्या नवऱ्याकडे जोडून देई. गोष्टीत तिखटमीठ असेल. परंतु या गृहस्थांनी माणसाच्या मध्यस्थीवाचून आकड्यांनी जोडणारे यंत्र शोधून काढले, १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले आणि पुढल्याच वर्षी इंडियाना प्रांतातील ला पोर्ट गावी तसले पहिले एक्सचेंज चालू झाले, हे इतिहासात नमूद आहे. नावावरून ठिकाणा सांगणारा ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती, हे त्या व्यापाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखिले होते.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळू. आमची पेढी खाली, राहते घर वर व मागे वखार, अशी आपल्याकडील नेहमीची रचना. हिशेबाच्या सर्व वह्या, म्हणजे रोजमेळ, खतावणी, मालाची आवकजावक, हे सारे आता संगणकात असते. तो मुख्य संगणक गादीशेजारच्या खोलीत असून त्याचे नाव ‘पेढी’ असे ठेविले आहे. मुनीमजी वखारीलगतच्या मेजावरील संगणकावरून त्याच वह्या उघडतात. गेल्या सोयाबीनच्या हंगामात एके दिवशी सकाळी इंटरनेट पुरविणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, जुना डबा काढून नवा बसविला आणि मोबाइलवर चित्रे दिसतात हे दाखवून निघून गेला. दुपारी महाराष्ट्रातील एका तेलगिरणीकडे जावयाची गाडी भरून तयार झाली. बिल, मंडीची अनुज्ञा आणि ई-वे बिल हे तीन कागद झाल्याशिवाय असली गाडी राज्याची हद्द ओलांडू शकत नाही, हे सभासदांना सांगावयास नको. मुनीमजींनी वही उघडावयास घेतली, तो वहीच सापडेना.

घरातील तरुण मंडळी धावून आली. त्यांचा पहिला उद्गार असा : “मुनीमकाका, तुम्ही काहीतरी दाबलं असेल.” मुनीमजी पंचवीस वर्षांपासून आमच्या पेढीवर आहेत. शाईच्या वहीत त्यांच्या हातून एक ओळ खोडलेली आम्ही पाहिलेली नाही. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. दरम्यान कोणीतरी एका जाणकाराला फोन लाविला. त्याने संगणक न पाहताच सांगितले की, डेटा उडालेला दिसतो, मुख्य संगणक फॉरमॅट करून सगळे नव्याने बसवावे लागेल.

फॉरमॅट हा शब्द ऐकताच आम्ही खुर्चीवरून उठलो. याचे कारण आहे. आपल्याच भागातील एका व्यापारी बंधूंच्या पेढीवर काही वर्षांपूर्वी हेच घडले होते. संगणक सापडत नाही म्हणून तो पुसून टाकण्यात आला आणि दोन वर्षांच्या वह्या त्याबरोबर गेल्या. वस्तु व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. वह्या नसल्या तर नोटिशीला उत्तर कशाच्या आधाराने द्यावयाचे? पत्ता चुकल्यामुळे पाहुणा घरी पोहोचला नाही, एवढ्यावरून घर पाडून टाकण्याचा सल्ला देणारास आपण काय म्हणू? तोच न्याय येथे लावावा.

आम्ही प्रथम मुख्य संगणकाच्या खोलीत जाऊन त्याच्यावरच वही उघडून पाहिली. ती उघडली. आदल्या रात्रीपर्यंतची शेवटची नोंद जागेवर होती. मुनीमजींना तेथेच बसवून बिल केले, अनुज्ञा व ई-वे बिल काढले आणि गाडी रवाना केली. सभासद बंधूंनी हा क्रम ध्यानात ठेवावा. ज्या यंत्रात वही आहे त्याच यंत्रावर जाऊन ती पाहावी. उघडत असेल तर माल शाबूत आहे, वाट मात्र बिघडली आहे, आणि वाटेचा शोध गाडी गेल्यावर निवांतपणे करता येतो.

संध्याकाळी पुतण्याला शेजारी बसवून आम्ही शोध आरंभिला. संगणकात काळ्या पार्श्वभूमीची एक खिडकी असते. तीत ‘सीएमडी’ लिहून जाता येते. तेथे ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द टंकिला म्हणजे त्या संगणकाचा स्वतःचा आकडा दिसतो. मुख्य संगणकाचा आकडा निघाला १९२.१६८.०.६ आणि मुनीमजींच्या संगणकाचा १९२.१६८.०.८. पहिले तीन आकडे दोहोंचे सारखे, म्हणजे दोघे एकाच अंगणात आहेत, इतके निश्चित झाले. हे सारखे नसते तर पुढील शोध करण्याचे कारणच उरले नसते, कारण त्याचा अर्थ एक यंत्र दुसऱ्याच डब्याला जोडले गेले आहे, असा होतो.

यानंतर ‘पिंग’. पिंग म्हणजे दार ठोठावणे. मुनीमजींच्या संगणकावरून डब्याचे दार ठोठावले, उत्तर आले. मुख्य संगणकाचे दार त्याच्या आकड्याने ठोठावले, उत्तर नाही. एकाच अंगणातील शेजारी डब्याशी बोलतो, पण आपसात बोलत नाही, याचा अर्थ कोणीतरी दाराला आतून कडी घातली आहे. विंडोजची अशी रीत आहे की, नवा डबा आला म्हणजे तो नवी जागा आली असे समजतो आणि रेल्वे स्टेशनवर किंवा धर्मशाळेत उतरलेला सावध प्रवासी जसा आपली ट्रंक कोणाला दाखवीत नाही, तसा तो आपली दारे लावून घेतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पाहिले तो ‘पब्लिक’ हा पर्याय निवडलेला होता. घरच्या जाळ्यासाठी तो ‘प्रायव्हेट’ असावयास हवा. दोन्ही संगणकांवर तसा बदल केला आणि दार ठोठावले. या वेळी उत्तर आले. दोन तिरप्या रेघा देऊन पुढे आकडा लिहिला, तो वह्यांची थैलीही उघडली.

पुतण्या म्हणाला, “झालं की काकाजी!” पण झाले नव्हते. हिशेबाचा प्रोग्राम थैली शोधतो ती आकड्याने नव्हे, ‘पेढी’ या नावाने. नावाने पिंग केले तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. पिंग हा फार उपयोगी शब्द आहे, कारण दार ठोठावण्यापूर्वी आपण कोणत्या दारी चाललो आहोत हे तो लिहून दाखवितो. त्याने लिहिले : ‘पेढी’, १९२.१६८.१.१०. हा आकडा आमच्या अंगणातीलच नव्हता. तो जुन्या डब्याच्या काळचा होता. मग हा जुना आकडा संगणकाला आता सांगितला कोणी? डबा नवा, त्याला जुने काही ठाऊक नाही. मुख्य संगणकाने ओ दिली असती तर आपला आजचा आकडा सांगितला असता. उरली ती टाचणवही.

ही वही विंडोजच्या थैलीत, सिस्टिम३२ मध्ये, ड्रायव्हर्समध्ये, ईटीसी नावाच्या कप्प्यात असते. ती नोटपॅडने उघडली. तळाशी एकच ओळ होती : जुना आकडा आणि त्यापुढे ‘पेढी’. कित्येक वर्षांपूर्वी हे जाळे प्रथम उभारताना कोणी कारागिराने काम झटपट व्हावे म्हणून ती लिहून ठेवली असणार. जुना डबा होता तोवर ती खरी होती. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आपल्यापैकी कित्येकांच्या पावतीपुस्तकांवर अजून ‘जिल्हा छिंदवाडा’ छापलेले आहे. तशीच ही ओळ. छापली तेव्हा बरोबर, आज चूक. आणि टाचणवहीत नाव सापडले म्हणजे संगणक पुढे हाक मारीतच नाही, त्यामुळे मुख्य संगणक ओ द्यावयास तयार असूनही त्याला कोणी विचारीत नव्हते.

ती ओळ काढली. येथे एक खोच आहे : नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडला नाही तर ही वही दुरुस्त करून साठविता येत नाही, आणि साठविताना नकळत तिच्या नावाला ‘टीएक्सटी’ असे शेपूट लागले तर दुरुस्त प्रत एकीकडे व चालती प्रत दुसरीकडे, असा प्रकार होतो. वही साठवून काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरपी रेघ व ‘फ्लशडीएनएस’ लिहिले. याने संगणकाची जुनी आठवण पुसली जाते. वही किंवा डेटा याने पुसला जात नाही, घाबरू नये. पुन्हा नावाने पिंग केले. अक्षरे व आकडे मिसळलेला एक लांबलचक पत्ता आला आणि त्याने उत्तरही दिले. हा नव्या पद्धतीचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीचा पाहावयाचा असल्यास पिंगपुढे रेघ देऊन ४ हा आकडा लिहावा. तसे केले, तो १९२.१६८.०.६ हा बरोबर आकडा दिसला. मुनीमजींनी आपल्या मेजावर बसून वही उघडली व सकाळची राहिलेली तोलाई लिहावयास घेतली. तरुण मंडळींपैकी ज्याने तो उद्गार काढला होता, त्याने त्यांच्यासाठी स्वतः चहा आणला. याहून अधिक आम्ही त्याला काही सांगितले नाही.

या प्रसंगानंतर ओळखीच्या चार-पाच घरी अशाच तक्रारी पाहण्याचा योग आला. त्यांत कारणे निरनिराळी निघाली. एके ठिकाणी वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा डबा आणून बसविला होता. त्याने आपले वेगळे अंगण केले, वेगळे आकडे वाटले आणि वरून मारलेली हाक खाली पोहोचेना. आमच्याकडे जाम नदीच्या एका काठास पांढुर्णा व दुसऱ्या काठास सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी या काठावरील शब्द त्या काठावर कोणाला ऐकू येत नाही, तशी स्थिती. अशा दुसऱ्या डब्याला आकडे वाटण्याचा अधिकार ठेवू नये, त्याला केवळ वाट वाढविणारा म्हणून बसवावे. ‘ॲक्सेस पॉइंट’ या नावाने हा पर्याय डब्यातच असतो. दुसऱ्या एका घरी मोबाइल व लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायला जोडले होते. पाहुण्यांचे वायफाय घरातील यंत्रांपासून मुद्दाम तोडलेले असते, त्यात दोष काहीच नव्हता.

नावे ठेवण्याची हौस हेही एक कारण. आपल्या पेढ्यांची नावे लांब आणि एकमेकांसारखी. एका गृहस्थांनी दोन संगणकांना ‘श्रीमहावीरट्रेडिंग’ हे नाव इंग्रजी अक्षरांत देऊन पुढे एक व दोन असे आकडे घातले होते. जुन्या पुकाऱ्याला १५ अक्षरांपर्यंतच ऐकू येते हे वर सांगितले आहे. पंधरावे अक्षर संपते तेथवर दोन्ही नावे तंतोतंत सारखी, मग ओ कोणी द्यावी? पेढी, वखार, मुनीम, माडी अशी सुटसुटीत नावे इंग्रजी अक्षरांत लिहावीत. नावात जागा सोडू नये.

आणखी एका ठिकाणी कॉलेजात शिकणाऱ्या चिरंजीवांनी इंटरनेट वेगाने चालावे म्हणून संगणकाच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ हा आकडा घातला होता. ही गूगलने २००९ साली चालू केलेली सार्वजनिक डीएनएस सेवा असून ती उत्तम आहे. परंतु त्यांच्या वखारीतील छपाईयंत्राचे नाव अमेरिकेतील वहीत कसे असणार? त्यांचा डबा घरातील नावे सांगू शकत होता, पण त्याला विचारणेच बंद झाले होते. तेथील कारागीर ‘एनएसलुकअप’ हा शब्द टंकून नाव सापडत नाही असे पुन्हा पुन्हा दाखवीत होता. हा शब्द केवळ डीएनएसला विचारतो, टाचणवहीला विचारीत नाही व हाकही मारीत नाही. म्हणून घरातील नावाची परीक्षा पिंगनेच करावी, हे आम्ही त्यास नम्रपणे सुचविले.

नेटवर्क नावाची जी खिडकी आहे, तीत घरातील संगणकांची चित्रे दिसतात किंवा दिसत नाहीत. तिच्यावर आमचा विश्वास नाही. पूर्वी ही यादी ज्या जुन्या पद्धतीने बनत असे, ती सुरक्षित नसल्यामुळे २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत बसविलीच जात नाही. कोणी ती पुन्हा चालू करून देतो म्हणाल्यास नको म्हणावे. चित्र दिसत नसले तरी दोन तिरप्या रेघा व नाव लिहिल्यास थैली उघडते, आणि आपले काम थैलीशी आहे.

आता आमच्या पेढीवर जी व्यवस्था केली ती सांगून लेखणी आवरतो. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाचा पर्याय असतो. त्यात मुख्य संगणकाच्या कार्डावरील बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लिहून त्याला १९२.१६८.०.१० हा आकडा कायमचा बांधून दिला. त्यामुळे भाडेपट्ट्याची मुदत संपली तरी तोच आकडा परत मिळतो. टाचणवहीत मात्र एकही ओळ ठेवली नाही. छपाईयंत्रालाही तसाच आकडा बांधला, कारण बिल छापले न जाण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. वह्यांची प्रत रोज रात्री वेगळ्या डिस्कवर उतरविली जाते आणि ती डिस्क काढून तिजोरीत ठेवली जाते.

मुनीमजींनी आपल्या शाईच्या वहीत शेवटचे एक पान याकरिता राखले आहे. त्यावर यंत्राचे नाव, आकडा, कार्डाचा क्रमांक, कोणत्या खोलीत आहे व डबा कोणत्या तारखेस बसविला, अशी पाच घरे आखली आहेत. डब्याचा पासवर्ड त्या पानावर नाही, तो घरच्या मंडळींकडे असतो. इंटरनेटचा माणूस पुन्हा आला, तर त्याच्या हातून डबा बदलण्यापूर्वी ते पान त्याच्यासमोर ठेवावयाचे आणि काम झाल्यावर मुनीमजींनी वखारीच्या मेजावरून वही उघडून पाहिल्याखेरीज त्याच्या कागदावर सही द्यावयाची नाही, असे ठरले आहे.